ट्रीटमेंट संपली, पण घर अजून वॉर्डातच आहे

रानजाई | २१ सप्टेंबर, रात्री ११.४८

या संकेतस्थळावर बरीच वर्षं वाचनमात्र आहे. पाककृती आणि गडकिल्ले सोडून कुठे प्रतिसादही दिलेला नाही. आज दुपारी घरात एक प्रकार झाला आणि तो कुणाला सांगावा ते कळेना, म्हणून धागा काढतेय.

माझा मुलगा १६ वर्षांचा, अकरावीत. घरात सगळे त्याला दादा म्हणतात, इथेही दादाच म्हणते. २०१८ च्या जूनमध्ये तो चौथीत गेला आणि त्याच महिन्यात ताप यायला लागला. उतरायचा, परत यायचा. पाय दुखतात म्हणून रात्री रडायचा. वाढीच्या वयात दुखतात पाय, असं सगळेच म्हणाले, मीही म्हटलं. मग नडगीवर काळेनिळे डाग दिसले, सीबीसी केली आणि तिसऱ्या दिवशी आम्ही परळला. एएलएल, म्हणजे रक्ताचा कॅन्सर.

पुढची अडीच वर्षं कशी गेली ते सांगत बसत नाही. ज्यांनी काढलीत त्यांना माहीत आहे. कराडहून रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस, पहाटे मुंबई, दादरची धर्मशाळा, रक्तातल्या पेशींचे काउंट, पाठीतली इंजेक्शनं. स्टेरॉइड चालू असताना रात्री दोनला उठून बटाट्याची भाजी मागायचा आणि मी करायचे. लॉकडाऊनमध्ये ई-पास काढून गेलो. रस्त्यावर सगळे मास्क लावलेले बघून तो म्हणाला, "आई, आता सगळेच माझ्यासारखे झाले." जानेवारी २०२१ मध्ये शेवटची गोळी घेतली. आजतागायत सगळे रिपोर्ट चांगले आहेत.

आता आजचं. ऑक्टोबरात त्याचा ग्रुप राजगडला मुक्कामी जाणार आहे. तयारी म्हणून आज वसंतगड करून आले. घरी आल्यावर त्याने सॅक उलटी केली आणि आतल्या कप्प्यातून थर्मामीटर पडला. मी ठेवला होता. सोबत एक चिठ्ठी, १०० च्या वर गेला तर लगेच फोन कर. मित्र दारात उभा होता. त्याने थर्मामीटर उचलून माझ्या हातात दिला आणि मित्र गेल्यावर म्हणाला, "सात वर्षं झाली. अजून किती?"

आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं. शांतपणे म्हणाला.

खरं सांगते, मी रोज मोजते. पोळ्या किती खाल्ल्या, अंघोळीला किती वेळ लागला, दुपारी झोपला तर का झोपला. अंगावर हात फिरवायच्या निमित्ताने काखेत गाठ आहे का ते बघते. त्याला कळतं, मला माहीत आहे. लोक म्हणतात, काय धीराची आई आहेस. मला तेव्हा काहीतरी फेकून मारावंसं वाटतं. धीर होता तो तेव्हा. वॉर्डात मी एकदाही रडले नव्हते. आता गिरणीत दळण घेऊन उभी असताना रडू येतं.

डॉक्टर म्हणतात सगळं छान आहे. मग छान असताना कसं जगायचं, हे कुणी शिकवलंच नाही. तुमच्यापैकी कुणी यातून गेलं असेल तर सांगा, तुम्ही कसं थांबलात?


बंडूनाना | २२ सप्टेंबर, सकाळी ७.१०

ताई, मुलगा बरा झाला ही केवढी देवाची कृपा. आता मागचं विसरा. मनात वाईट विचार आणले की वाईट होतं. रोज सकाळी गुळवेलीचा काढा आणि गोमूत्र अर्क द्या, परत काही होणार नाही. आमच्या माहितीतल्या एकांना डॉक्टरांनी हात टेकले होते, ते या काढ्यावर आज ठणठणीत आहेत.


तिसरीघंटा | २२ सप्टेंबर, सकाळी ९.३५

नाना, सद्भावना पोचली. पण कुठलाही काढा डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणी देऊ नका. आणि "मनात वाईट आणलं की वाईट होतं" हे वाक्य ज्या आईचं मूल आजारी पडलंय तिला सांगू नये. तिने ते स्वतःला आधीच हजारदा ऐकवलेलं असतं.

रानजाई, मी तुमच्या मुलाच्या बाजूने लिहितेय. वय २७, पुण्यात आयटीत. १४ व्या वर्षी हॉजकिन्स लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर झाला होता. केमो, मानेला आणि छातीला रेडिएशन. नववीचं वर्ष गेलं, दहावीला माझ्यापेक्षा लहान मुलींच्या वर्गात बसले.

माझा आजार मानेतल्या गाठीपासून सुरू झाला. त्यामुळे आई आजही माझ्या तोंडाकडे बघून बोलत नाही, मानेकडे बघून बोलते. ऑफिसातून आले, "कसा गेला दिवस?" आणि नजर कॉलरबोनवर. पगारवाढ झाल्याचं सांगितलं तेव्हाही तिथेच. मिठी मारली की बोटं आपोआप मानेच्या बाजूने खाली सरकतात. माया कुठे संपते आणि तपासणी कुठे सुरू होते, ते तिलाही सांगता येणार नाही. मी कॉलेजात तीन वर्षं उन्हाळ्यातसुद्धा ओढणी गुंडाळून फिरले. लोकांना वाटायचं रेडिएशनचे डाग झाकतेय. मी आईची नजर झाकत होते.

तुम्हाला टोचावं म्हणून नाही लिहिलं. मी त्या वयात आईला हे कधी बोलले नाही, तुमचा दादा सात वर्षांनी का होईना, बोलला. हे चांगलं लक्षण आहे हो.


पाचगावकर | २२ सप्टेंबर, दुपारी १.२०

बापांचं कुणी विचारत न्हाई म्हणून लिवतोय.

आमच्या पोराला दीड वर्षाचा असताना डोळ्याचा कॅन्सर निघाला. रेटिनोब्लास्टोमा. फोटोत एक डोळा मांजरासारखा पांढरा चमकायचा, आमी हसायचो. एक डोळा काढावा लागला. आता दुसरीत हाय, खोटा डोळा बसवलाय, बघणाऱ्याला पटकन कळत न्हाई.

जुलैत शाळेतनं फोन, लगेच या. काळजात चर्र झालं. गेलो तर काय, भावड्यानं मधल्या सुट्टीत डोळा काढून बाकावर ठेवला हुता. पोरं वरडत पळाली, एक पोरगी रडायला लागली, आणि हा हसतोय. मला बी हसू आवरंना. बायको मात्र घरी येऊन ढसाढसा रडली. एकाच गोष्टीवर एक हसतंय, एक रडतंय आणि रात्री दोघं एकमेकांस्नी बोलत न्हाई. असं हाय आमचं घर.

बाई चांगल्या निघाल्या. दुसऱ्या दिवशी त्याला पुढं बोलवून म्हणाल्या, सांग सगळ्यांना ह्यो कसा धुवायचा. त्यानं सांगितलं. तवापासनं पोरं चिडवत न्हाईत, उलट मला दाखव मला दाखव.

मी त्यावेळी ट्रॅक्टर विकला. त्याचं काय वाटत न्हाई. पण आज बी फिनेलचा वास आला की माझे पाय लटपटतात. पेट्रोल पंपावरच्या संडासात बसून रडलोय. बायकोला सांगितलं न्हाई. इथं सांगतोय, कारण इथं मला कोण वळखत न्हाई.


धाकटीपाती | २२ सप्टेंबर, रात्री १०.०५

पाचगावकर, भावड्या भारी आहे.

मी कुणाची आई नाही आणि मला कॅन्सरही झालेला नाही. मी बहीण आहे. माझ्या मोठ्या भावाला मी सात वर्षांची असताना हाडाचा कॅन्सर झाला. आज तो ३१ चा आहे, मांडीत रॉड आहे, थोडा लंगडतो, दोन मुलांचा बाप आहे. सगळं चांगलं झालं.

घरात सगळे 'दादा' म्हणतात, म्हणजे धाकटं भावंड असणार; त्याच्याबद्दल रानजाईंनी काहीच लिहिलं नाही म्हणून लिहितेय. लागलीच वाईट वाटून घेऊ नका. आमच्या घरीही कुणी लिहिलं नसतं. त्या काळात लागोपाठ दोन दिवाळ्यांना मला आलेला फ्रॉक लहान झाला. आईने दुकानात अंदाजाने सांगितलं आणि तिच्या अंदाजात मी सात वर्षांचीच राहिले होते. मी वाढतेय हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. मी तो घट्ट फ्रॉक घालून दिवसभर फिरले, बगलेत काचत होता तरी. तक्रार करायची नाही हे मला कुणी सांगितलं नव्हतं, कळलं होतं.

नंतर माझ्यात एक खोड राहून गेली. मला बरं नसलं की मी सांगत नाही. अपेंडिक्स फुटेपर्यंत सांगितलं नव्हतं.


रानजाई | २३ सप्टेंबर, पहाटे १.३०

धाकटीपाती, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. धाग्यात मी माझ्या धाकट्या मुलीबद्दल एक ओळ लिहिली नाही, हे तुम्ही म्हणेपर्यंत माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. ती तेव्हा पाच वर्षांची होती. आजीकडे ठेवून जायचो.

उद्या लिहिते. आत्ता नाही.


वॉर्डाबाहेरची | २३ सप्टेंबर, सायंकाळी ६.४०

मी वैद्यकीय समाजसेविका आहे, मुलांच्या कॅन्सर विभागात काम केलंय. कुठे ते सांगत नाही.

पहिली गोष्ट, रानजाई, तुम्हाला होतंय ते विचित्र नाही. मोठा आघात झालेल्या माणसात दिसणारी लक्षणं, म्हणजे दचकणं, सतत पहारा, वासाने किंवा आवाजाने तो प्रसंग जसाच्या तसा उभा राहणं, ही बऱ्या झालेल्या मुलांपेक्षा त्यांच्या आईवडिलांत जास्त आढळतात. पाचगावकरांचं फिनेल हे त्याचंच उदाहरण. आणि काही जणांत हे ट्रीटमेंट संपल्यावरच वर येतं. वॉर्डात रडायला फुरसत नसते.

दुसरी, हा प्रश्न आता मोठा होत जाणार, कारण मुलं बरी होतायत. श्रीमंत देशांत कॅन्सर झालेल्या दहातली आठहून जास्त मुलं बरी होतात. आपल्याकडे चित्र सगळीकडे तसं नाही, पण चांगल्या केंद्रात वेळेवर पोचलेल्या, औषध अर्ध्यात न सोडलेल्या मुलांची संख्या वाढतेय. ती पुढे कॉलेजात जातात, नोकऱ्या करतात, लग्नं करतात. डॉ. पूर्णा कुरकुरे यांनी टाटा मेमोरियलमध्ये १९९१ मध्येच फक्त बऱ्या झालेल्या मुलांसाठी 'आफ्टर कम्प्लीशन ऑफ थेरपी' म्हणजे एसीटी क्लिनिक सुरू केलं. तिथे रक्ताबरोबर शाळा, मैत्री, झोप याचीही विचारपूस होते. इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आधाराने २००९ पासून 'उगम' हा बऱ्या झालेल्या मुलामुलींचा स्वतःचा गट आहे. तुमच्या मुलाला तुमच्या समजावण्यापेक्षा त्यातला एखादा विशीतला मुलगा बाइकवर बसून आलेला दिसणं जास्त उपयोगी पडेल.

तिसरी, आणि ही जरा कडक सांगते. दादाला त्याच्या आजाराची फाइल माहीत आहे का? म्हणजे कुठली औषधं किती मिळाली, लाल औषध (डॉक्सोरुबिसिनसारखं लाल रंगाचं केमो) एकूण किती झालं, रेडिएशन झालं की नाही. लाल औषधाचा परिणाम हृदयावर बऱ्याच वर्षांनी दिसू शकतो, म्हणून ठरावीक काळाने इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करायची असते. डोक्याला रेडिएशन झालं असेल तर उंची, हार्मोन्स, स्मरणशक्ती यांवर लक्ष ठेवायचं असतं. हे पहारा देणंच आहे, पण वर्षातून ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या तपासण्यांपुरतं. आई ही फाइल स्वतःच्या कपाटात कुलपात ठेवते आणि मूल १८ चं झालं तरी त्याला डॉक्टरांसमोर बोलू देत नाही, असं मी शेकड्याने पाहिलंय. फाइल त्याच्या हातात द्या. पहारा थोडा त्याला वाटून घेऊ द्या.

आणि तुम्ही स्वतः कुणाशी तरी बोला. गावात समुपदेशक नसेल तर सरकारच्या टेलिमानसचा १४४१६ नंबर आहे, फुकट, मराठीत बोलता येतं.


बंडूनाना | २३ सप्टेंबर, रात्री ८.१५

इथे कुणी चार चांगल्या गोष्टी सांगितल्या तर ते अडाणी. चालू द्या तुमचं.


ओलीमाती | २४ सप्टेंबर, दुपारी ३.३०

मी इंग्लंडात नर्स आहे, मूळ नाशिकची. इथे १३ ते २४ वयाच्या पेशंटसाठी 'टीनेज कॅन्सर ट्रस्ट'ने सरकारी रुग्णालयांत वेगळे विभाग उभे केलेत. कारण १६ वर्षांच्या मुलाला भिंतीवर कार्टून असलेल्या वॉर्डात झोपवलं तरी तो हरवतो आणि ७० वर्षांच्या आजोबांच्या शेजारी झोपवलं तरी हरवतो. आमच्या विभागात पूल टेबल आहे. इथे सगळं सोन्याचं आहे असं अजिबात नाही, आया इथल्याही रात्री जागतात, फक्त त्यांच्याकडे महालक्ष्मी एक्सप्रेस नसते.

तिसरीघंटा, तुला नोकरीत, विम्यात अडचण आली का? फ्रान्समध्ये 'विसरले जाण्याचा हक्क' असा कायदा आहे. ट्रीटमेंट संपून पाच वर्षं झाली की कर्जाच्या विम्यासाठी कॅन्सर झाला होता हे सांगायची सक्ती नाही.


तिसरीघंटा | २४ सप्टेंबर, रात्री ९.५०

विसरले जाण्याचा हक्क! आपल्याकडे तो विमा कंपनीआधी लग्न जुळवणाऱ्या मावशांना लागू करावा लागेल.

ऑफिसचा ग्रुप विमा आहे, त्यात काही विचारलं नाही. स्वतःचा वेगळा काढताना सगळं खरं लिहिलं. एका कंपनीने नाकारलं, दुसरीने हप्ता वाढवून दिला. २०२४ पासून आधीच्या आजारासाठी क्लेम मिळेपर्यंत थांबायचा काळ जास्तीत जास्त तीन वर्षं झालाय, आधी चार होता. लपवू नका, क्लेमच्या वेळी अंगाशी येतं.

लग्नाचं विचारलं नाहीस पण सांगते. पहिलं स्थळ आलं तेव्हा घरात बैठक बसली, सांगायचं की नाही. काका म्हणाले, दहा वर्षं झाली, आता कसला कॅन्सर. आजी म्हणाली, टायफॉइड झाला होता म्हणा. मी मुलाला भेटून पहिल्या कॉफीतच सांगितलं. तो छान बोलला, घरी गेला आणि त्याच्या आईचा फोन आला, मुलगी गुणी आहे, पण आमच्या वंशाचा प्रश्न आहे. बाई, माझ्या गर्भाशयाची काळजी तुमच्याआधी माझ्या डॉक्टरांनी केलीय. (सगळ्यांसाठी: केमोने पुढे मूल होण्यावर परिणाम होऊ शकतो. वयात आलेल्या मुलाचं वीर्य ट्रीटमेंट सुरू व्हायच्या आधी साठवता येतं, मुलींसाठीही काही मार्ग आहेत. त्या घाईत कुणाच्या डोक्यात येत नाही, म्हणून आपणच विचारायचं.)

आता मी दुसऱ्या भेटीत सांगते. पहिल्यात नाही, कारण प्रत्येक अनोळखी माणसाला मी माझी सगळ्यात मोठी गोष्ट का द्यावी? तिसऱ्यात नाही, कारण तोवर मला तो आवडायला लागतो.


रानजाई | २८ सप्टेंबर, रात्री ११.१०

उद्या लिहिते म्हणून पाच दिवस गेले.

धाकटीशी बोलले. ती आता बारा वर्षांची आहे. भाकऱ्या करताना सहज विचारल्यासारखं विचारलं, तुला आठवतं का गं, आम्ही दादाला घेऊन मुंबईला जायचो? म्हणाली, हो. मी म्हटलं, तू लहान होतीस, रडशील म्हणून तू झोपल्यावर निघायचो. तव्यावरची भाकरी फुगायची वाट बघत ती म्हणाली, "मी झोपलेली नसायचे. तुम्हाला निघता यावं म्हणून डोळे मिटायचे. रिक्षा ओगलेवाडीच्या रस्त्याला लागली की आवाज बंद व्हायचा, मग उघडायचे."

पाच वर्षांची. अडीच वर्षं.

भाकरी करपली. तीच मी खाल्ली.

फाइल दादाच्या टेबलावर ठेवली. काही बोलला नाही. दोन दिवसांनी बघितलं तर त्याने सगळे कागद तारखेप्रमाणे लावले होते आणि पेन्सिलीने एका कागदावर प्रश्न काढले होते. पहिला प्रश्न इकोबद्दल आहे. पाचवा वाचून मी फाइल मिटली. तो त्याचा आहे, इथे लिहीत नाही.

मित्रांना आजाराबद्दल सांगायचं का, यावर आमचं दुमत आहे. मला वाटतं, मुक्कामाला जाणाऱ्या दोघांना तरी माहीत हवं.


तिसरीघंटा | २९ सप्टेंबर, सकाळी ८.२०

त्याची गोष्ट आहे, तो सांगेल तेव्हा सांगेल. तुम्ही मित्रांच्या आयांना फोन करू नका. केलात तर त्याला कळेल, आणि मग तो ओढणी गुंडाळायला लागेल.


पाचगावकर | २९ सप्टेंबर, रात्री ९.००

बायकोला फिनेलचं सांगितलं. ती म्हणाली, मला ठाऊक हाय, म्हणून तर मी फिनेल आणत न्हाई घरात, चार वर्षं झाली लिंबाच्या वासाचं आणते. मला म्हाईतच नव्हतं.


रानजाई | १४ ऑक्टोबर, रात्री १०.३०

शनिवार-रविवार राजगड झाला. थर्मामीटर दिला नाही. कुणाच्या आईला फोन केला नाही, एकदा नंबर लावून कट केला ते सोडून. गडावर रेंज नव्हती. मी शनिवारी रात्री चकल्यांची भाजणी भाजली, एक वाजता.

रविवारी संध्याकाळी आला तो सुंसुं करत. अंग कोमट लागलं. हात लावायचा नाही म्हणत होते, पण पाण्याचा ग्लास देताना बोटं लागलीच. त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं, स्वतः जाऊन थर्मामीटर लावला आणि मला दाखवला. ९९.८. म्हणाला, "भिजलो होतो." मी बरं म्हटलं. काढा केला. (नाना, आलं, गवती चहा आणि गूळ एवढंच.)

रात्री दोनला स्वयंपाकघरात दिवा दिसला. तो खुर्चीवर बसला होता, समोर परत थर्मामीटर. मला बघून लपवायला गेला. मी शेजारी बसले. बऱ्याच वेळाने म्हणाला, "ताप आला की मलाही तेच वाटतं. तुझ्यासमोर वाटून घेता येत नाही, तू जास्त घाबरतेस." इतकी वर्षं मला वाटत होतं की या घरात मी एकटीच पहारा देतेय.

हे उठून आले. आमच्याकडे पुरुष माणूस अशा वेळी पंखा कमी कर, जास्त कर असं काहीतरी करतो, तसं त्यांनी केलं. मग खोलीतून धाकटी आली आणि दारात उभी राहून म्हणाली, "मी झोपले नव्हते." आम्ही सगळे हसायला लागलो. दादाला कळेना का हसतोय, त्याला सांगितलं तर तो हसेना, तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बटाट्याची भाजी कर ना." केली. चौघांनी रात्री पावणेतीनला भाजीपोळी खाल्ली.

सर्दीच होती. काल आमच्या डॉक्टरांना दाखवलं, सीबीसी कर म्हणून मी तोंड उघडलं होतं, पण दादाच म्हणाला, दोन दिवस बघू का? डॉक्टर म्हणाले, बघा. आज ताप नाही.

वॉर्डाबाहेरची, तुम्हाला एक विचारायचंय. डिसेंबरात तपासणीची तारीख आहे. दरवेळी मी आणि दादा जायचो. यंदा धाकटी म्हणतेय, मलाही महालक्ष्मीने यायचंय, मी कधी बसलेच नाही त्या गाडीत. हेही रजा टाकतायत. धर्मशाळेत पेशंटबरोबर तिघांना ठेवून घेतात का, की दादरला दुसरीकडे सोय बघू?


वॉर्डाबाहेरची | १५ ऑक्टोबर, सकाळी १०.००

तिघांचं आधी विचारून घ्यावं लागेल, तपासणीला आलेल्यांपेक्षा ट्रीटमेंट चालू असलेल्यांना आधी जागा देतात. विपू (तुमच्या पानावर निरोप) करते. तिकिटं मात्र आत्ताच काढा, डिसेंबरात महालक्ष्मी भरलेली असते. तिला खिडकी बघून द्या.